जुन्या एसीचा ताळेबंद



फाल्गुन सरत आला की ओळखीच्या मंडळींकडून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. घरातील एसी दहा-बारा वर्षांचा झाला आहे, कारागीर मोठा खर्च सांगतो आहे. दुरुस्त करावा की नवा घ्यावा? बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाकडे प्रत्येक रुपयाचे उत्तर तयार असते, अशी लोकांची समजूत असते. मीही आजवर "खर्च निम्म्याहून अधिक असेल तर बदला" असे ठोकळेबाज उत्तर देऊन मोकळा होत असे. गेल्या वर्षी तोच प्रश्न माझ्या घरी उभा राहिला, आणि त्या उत्तरात किती पोकळी होती हे मला कळले.

महावीर जन्मकल्याणकाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ११ एप्रिल २०२५ रोजी, आमच्या मातोश्रींच्या खोलीतील एसी थंड हवा देईनासा झाला. यंत्र २०१२ चे, दीड टनाचे, भिंतीवरचे. मातोश्रींचे वय ८८. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. नंदुरबारचा एप्रिल कसा असतो हे आपणांस सांगायला नको. दिवसा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो.

यात आणखी एक गोष्ट होती. मातोश्रींचा चौविहार अनेक वर्षांपासून अखंड आहे. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही. सकाळी नवकारशी पाळूनच पाणी. उतारवयात घाम येण्याची शक्ती मंदावते, तहानेची जाणीवही बोथट होते. अशा शरीराला रात्रीचे अकरा-बारा तास पाण्याविना काढायचे असतील तर निदान खोली तरी तापलेली नसावी. आपल्या समाजात घरोघरी असे वडीलधारे आहेत. त्यांच्या खोलीतील एसीला चैन म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

कारागीर आला, त्याने पाहिले आणि म्हणाला, "साहेब, कंप्रेसर गेला." कंप्रेसर, गळकी जागा सांधणे आणि गॅस मिळून १६,००० रुपये. नव्या कंप्रेसरला एका वर्षाची हमी, बाकीच्या यंत्राला काहीच नाही.

मला खर्चाची वही ठेवण्याची सवय आहे. ती उघडली आणि मान खाली गेली. २०२२, २०२३, २०२४ अशा सलग तीन वर्षी एप्रिलमध्ये "एसी गॅस" अशी नोंद होती. तीन वर्षांत मिळून ९,४०० रुपये. गॅस भरणारा दर वर्षी तोच होता, आणि दर वर्षी "संपला होता, भरून दिला" एवढेच सांगून जात होता. मीही कधी विचारले नाही की गॅस संपतो म्हणजे नेमके काय होते.

आता सांगतो, कारण ही गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक असली पाहिजे. एसीतील गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरतो. खोलीतील उष्णता उचलतो, बाहेर टाकतो आणि परत येतो. यंत्र धड असेल तर पंधरा वर्षांतही तो कमी होण्याचे कारण नाही. कमी झाला म्हणजे कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. परत येणाऱ्या थंड गॅसनेच कंप्रेसर थंड राहतो. गॅस कमी असताना यंत्र चालत राहिले की कंप्रेसर तापत जातो आणि शेवटी जळतो. आमचा कंप्रेसर वयाने गेला नाही. तीन वर्षांच्या माझ्या आळसाने गेला.

त्यात आमच्या यंत्रातील गॅस आर-२२. हा ओझोनच्या थराला अपाय करणाऱ्या वायूंपैकी एक आहे. १९८७ च्या माँट्रियल करारान्वये जगभर तो हळूहळू बंद होत असून आपल्या देशात १ जानेवारी २०२५ पासून असा वायू वापरणारी नवी यंत्रे तयार करण्यास बंदी आहे. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता तो अजून मिळतो, पण दिवसेंदिवस महागच होणार. त्याऐवजी दुसराच गॅस भरून देतो असे कोणी म्हणाले तर सावध राहावे. आर-४१० चा दाब बराच अधिक असतो, तो जुन्या नळ्यांत भरता येत नाही. काही पर्यायी वायू ज्वालाग्राही असतात.

आर-२२ चा आणखी एक गुण आपल्या धर्मदृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे. वातावरण तापविण्यात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० किलोंच्या बरोबरीचा आहे. दीड टनाच्या यंत्रात साधारण एक किलो गॅस असतो. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आमचा जुना एसी एका हंगामात १,२०० युनिट खात असे, म्हणजे ८४० किलो. याचा अर्थ गळून गेलेला एक किलो गॅस हा दोन हंगामांच्या विजेहून जड! वायुकायाच्या जीवांची जयणा पाळणारे आपण, दिवा विनाकारण जळत राहिला तर उठून बंद करतो; आणि दर एप्रिलला तीन हजार रुपये मोजून हवेत हे सोडतो. अनर्थदंड म्हणजे काय, हे मला प्रवचनात जेवढे समजले नव्हते तेवढे त्या वहीच्या पानावर समजले.

असो. आता मुख्य हिशेबाकडे येऊ.

सर्वसाधारण माणूस दुरुस्तीचे १६,००० आणि नव्या यंत्राचे ४२,००० शेजारी ठेवतो आणि दुरुस्ती स्वस्त ठरवितो. शिवाय म्हणतो, "एवढे पैसे घातलेच आहेत याच्यावर." बँकेत आम्ही हा प्रकार फार जवळून पाहिला आहे. खाते थकले की ते सावरण्यासाठी नवे कर्ज, त्याचे व्याज भरण्यासाठी आणखी थोडे. आणि प्रत्येक वेळी कारण एकच, की आधी एवढे दिले आहे. आधीचे ९,४०० गेले. दुरुस्ती केली तरी ते परत येणार नाहीत, नवे घेतले तरी येणार नाहीत. ते हिशेबातून काढून टाकावेत. वहीत मात्र राहू द्यावेत, शहाणपणासाठी.

जुन्या यंत्रावरील चिठ्ठीनुसार त्याची कार्यक्षमता २.९ होती. दीड टन म्हणजे सुमारे ५.२ किलोवॅट थंडावा. त्यासाठी ते १.८ किलोवॅट वीज घेई. मातोश्रींच्या खोलीत रोज ८ तास, हंगामात १२० दिवस, म्हणजे ९६० तास. कंप्रेसर मधूनमधून थांबतो, म्हणून ७० टक्के धरले तर १,२०० युनिट. नव्या पंचतारांकित इन्व्हर्टर यंत्राची कार्यक्षमता ५ च्या वर असते. पूर्वीचे माप आणि आताचे माप तंतोतंत एक नाही. आताचे माप निरनिराळ्या तापमानांची सरासरी काढून ठरते. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा त्या सरासरीहून कडक. म्हणून मी बचत हात राखून धरली आणि नव्याला ७५० युनिट लावले. फरक ४५० युनिटांचा.

या युनिटांना दर कोणता लावावा? येथे बहुतेकजण चुकतात. बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून सरासरी दर काढतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो; पहिली १०० युनिटे स्वस्त, ३०० नंतरची महाग, ५०० नंतरची त्याहून महाग. पंखे, दिवे, फ्रिज बारा महिने असतातच. एसीची युनिटे त्यांच्या डोक्यावर चढून बसतात, म्हणजे नेहमी सर्वांत महाग टप्प्यात मोडतात. वाचतात तीही तीच. म्हणून सरासरी दर नव्हे, शेवटच्या टप्प्याचा दर लावावा. मी हिशेबाच्या सोयीसाठी १२ रुपये धरतो. आपण आपल्या बिलावर पाहून आकडा बदलावा. ४५० युनिटांचे ५,४०० रुपये.

नवे यंत्र बसवणुकीसह ४२,०००, जुन्याचे भंगार ४,०००, निव्वळ ३८,०००. यातून दुरुस्तीचे १६,००० वजा करा, कारण ते तर कसेही जाणारच होते. खरा प्रश्न उरला तो २२,००० रुपयांचा. हे २२,००० अधिक घातले तर वर्षाला ५,४०० वाचतात, म्हणजे चार वर्षांत फिटतात. माझ्या एका व्यापारी स्नेह्यांनी हरकत घेतली, "तुमची ठेव सात टक्के देते म्हणून तुम्हाला हे परवडते, माझे भांडवल गादीवर पंधरा टक्के कमावते." हरकत रास्त होती. म्हणून २२,००० चा दहा वर्षांचा, पंधरा टक्क्यांचा वार्षिक हप्ता काढून दाखविला. तो ४,४०० च्या आत बसतो. तरीही नवेच सरस.

पण हाच एसी पाहुण्यांच्या खोलीत असता, वर्षातून महिनाभर चालणारा, तर? २४० तास, ३०० युनिटांऐवजी १८८. बचत १,३५० रुपये. २२,००० फिटायला सोळा वर्षे. तेथे दुरुस्ती बरी. किंवा तेही न करता त्या खोलीला कूलर बरा. आणि बिघाड कंप्रेसरचा नसून कपॅसिटरचा असता, काही शेकड्यांचा, तर मातोश्रींच्या खोलीतसुद्धा नव्याचा विचार करण्याचे कारण नव्हते. यंत्र तेच, वय तेच, उत्तरे तीन. म्हणूनच "निम्म्याहून अधिक" हा माझा जुना ठोकताळा मी आता परत घेतो. कंप्रेसर गेला असे ऐकल्याबरोबर मान डोलावू नये, हेही यातच आले. व्होल्टेज कमी आहे काय, कपॅसिटर फुगला आहे काय, जाळी धुळीने भरली आहे काय, एवढे पाहून दुसऱ्या कारागिराचे मत घ्यावे. आम्ही घेतले. दुर्दैवाने दोघांचे एकमत झाले.

हिशेब घेऊन मी मातोश्रींकडे गेलो. त्या आयुष्यभर धान्याच्या दुकानामागच्या घरात राहिलेल्या, तोंडी हिशेबात मला आजही हरवतात. सर्व ऐकून म्हणाल्या, "चार वर्षांत फिटतात म्हणालास ना? मी अठ्ठ्याऐंशी वर्षांची. हे कर्ज माझ्या खात्यावर का टाकतोस? जुनाच कर दुरुस्त, एक-दोन उन्हाळे निघाले म्हणजे झाले."

मला उत्तर सुचेना. कर्जविभागात असताना किती वयस्कर अर्जदारांना मी काउंटरपलीकडून हेच सांगितले होते, की परतफेडीची मुदत आपल्या वयाशी जुळत नाही. शब्द अधिक गोड होते, अर्थ हाच. मी म्हणालो, यंत्र घरात दहा वर्षे राहील, खोली तर घराचीच आहे. त्या म्हणाल्या, "मग ती खोली तुझी होईल तेव्हा घे." त्यांना कटू बोलायचे नव्हते, हिशेब म्हणून ते वाक्य बिनचूक होते, एवढेच.

तेवढ्यात दुसरी अडचण निघाली. बाहेरील यंत्र आणि भिंत यांच्यामधील लोखंडी कोनावर होल्याने घरटे केले होते. हिवाळाभर यंत्र बंद, कोपरा शांत. पक्ष्याला आणखी काय हवे? अंड्यांतून नुकतीच बाहेर आलेली दोन पिले होती, डोळेही न उघडलेली. कारागीर म्हणाला, "साहेब, उचलून कुंडीत ठेवतो, काही होत नाही." मातोश्रींनी ऐकले आणि विषय संपला. पिले उडेपर्यंत यंत्राला कोणी हात लावायचा नाही. ना दुरुस्तीला, ना बदलायला. होल्याची पिले साधारण दोन आठवड्यांत उडतात.

त्या दोन आठवड्यांत मातोश्री खाली बैठकीत कूलरपुढे निजल्या. मी गच्चीवर चुना मारून घेतला आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला. हे खरे तर पहिल्याच वर्षी करायचे काम. खर्च दीड-दोन हजारांचा आणि यंत्र कोणतेही असो, त्याचा भार हलका होतो. तरीही तिसऱ्या की चौथ्या रात्री त्यांना घाबरल्यासारखे झाले. डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले की शरीरातील पाणी कमी पडते आहे, रात्री पाणी घ्यावे लागेल. मातोश्री काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी त्यांच्यापुढे प्रश्न अगदी साधा करून ठेवला. "आई, चौविहार सोडायचा की एसी घ्यायचा, तेवढे सांगा. तिसरे काही नाही." मी जे चार कागद भरून सांगू शकलो नव्हतो ते एका वाक्यात झाले. मातोश्री बराच वेळ माळ फिरवीत राहिल्या. मग म्हणाल्या, "घे. पण परिमाण मी ठरवीन." भोगोपभोगाची मर्यादा बांधून घेतली ती अशी : रात्री दहा ते पहाटे चार, आणि २७ अंशांच्या खाली नाही, सोबत पंखा. जानेवारी २०२० पासून सर्व नव्या तारांकित यंत्रांत सुरुवातीचे तापमान २४ अंशच ठेवलेले असते, कारण एकेका अंशाने वीज सुमारे ६ टक्के वाचते. म्हणजे मातोश्री सरकारच्याही तीन अंश पुढे गेल्या.

खरेदीतील दोन-चार गोष्टी थोडक्यात सांगतो. ताऱ्यांची संख्या पाहताना चिठ्ठीवरील कालावधी पाहावा. २०१८ च्या कोष्टकात कार्यक्षमता ४.५ असलेल्या इन्व्हर्टर यंत्राला पाच तारे होते. जुलै २०२२ पासून पाचासाठी ५ लागू लागली, म्हणजे तेच यंत्र चार ताऱ्यांवर आले. गोदामातील जुना साठा पाच तारे दाखवून विकला जातो, तेव्हा आकडाच वाचावा. चिठ्ठीवरील दीड टन हा बाहेर ३५ अंश असतानाचा असतो. आपल्या मे महिन्यात तो तेवढा राहत नाही, म्हणून किती अंशांपर्यंत यंत्र काम करते हे विचारावे. बिघाड झाल्यास शहाद्याला, तळोद्याला किंवा धडगावला माणूस किती दिवसांत येतो, हे सुरतेच्या दुकानातील सवलतीपेक्षा महत्त्वाचे. "व्याजाविना हप्ते" असे कोणी म्हणाले तर रोखीचा भाव विचारावा. फरक तेथेच दिसतो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३ मध्येच बजावले आहे.

आणि एक नाजूक गोष्ट. दुकानाच्या नावाने बिल करावे, जीएसटीचे क्रेडिट घ्यावे, पंधरा टक्के घसारा लावावा आणि यंत्र शयनगृहात बसवावे, हा सल्ला मला दोन हितचिंतकांनी दिला. दुकानात लावलेल्या एसीला हे सर्व कायद्याने मिळते आणि ते अवश्य घ्यावे. घरातल्याला मिळत नाही. आपण अचौर्याचे अणुव्रत घेताना "मोठी चोरी करणार नाही" असे म्हणतो. तीन-चार हजारांची मोठी की लहान, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी चौविहारासाठी घेतलेले यंत्र खोट्या बिलावर आणू शकलो नसतो.

पिले उडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, नवे यंत्र लागले. त्या वेळी कर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. पाच महिने थांबलो असतो तर सव्वातीन हजार वाचले असते. स्नेही मंडळी हे मला अजून ऐकवतात. जुने यंत्र काढताना उरलासुरला गॅस हवेत सोडू नये, सिलिंडरमध्ये ओढून घ्यावा, असे मी कारागिराला सांगितले. त्याच्याकडे ते साधन नव्हते. त्याने ओळखीच्याकडून मागवून घेतले आणि ५०० रुपये अधिक घेतले. ते पैसे देताना मला मुळीच जड वाटले नाही. घरटे होते तो कोन मातोश्रींनी काढू दिला नाही. नव्या यंत्राला दुसरा, एक हात पलीकडे, मागे बारीक जाळी लावून बसविला.

गेल्या वर्षी मे अखेरीसच पाऊस आला, हंगाम आखूड झाला. आदल्या वर्षीच्या बिलांशी ताडून पाहता ३७५ युनिटे कमी पडली. मी मातोश्रींना सांगितले, "साडेचार हजार फिटले." त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे साडेसतरा हजार बाकी." त्यानंतर त्यांनी आणखी तीन उन्हाळे आणि वर थोडे, असे बोटांवर मोजले आणि माळ हाती घेतली.

यंदा फाल्गुन लागताच त्यांनी आपण होऊन विचारले, जाळी साफ करणारा मुलगा कधी येणार आहे, आणि त्याला आधी तो मोकळा कोन पाहायला सांग. होला पुन्हा बसला असेल.